थेट विमानाने अकरा तास

तिकिटं काढून देण्याच्या धंद्यात मला एकोणीस वर्षं झाली. कुठून कुठे किती अंतर, किती तास, झोपेतून उठवून विचारा. दादाच्या शहरापासून आमच्यापर्यंत नऊ हजार तीनशे किलोमीटर. थेट विमानाने अकरा तास.

बाबांच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "इंजेक्शन दिलं की दुखणं थांबेल. पण झोपतील, आणि पुन्हा उठतील असं धरू नका."

"आधी थोरल्याला येऊ दे," बाबा म्हणाले. "त्याला डोळे भरून बघतो, मग काय टोचायचं ते टोचा."

मी थेट विमानात जागा अडवली आणि दादाला फोन केला. "बाबा तुझ्यासाठी दुखणं सोसतायत. जागा ठेवलीय, तिकीट तेवढं पक्कं कर."

"करतो गं, करतो."

सकाळी सहाला त्याचा मेसेज आला, 'निघालो.' आणि मी शहाणी, बाबांना सांगून मोकळी झाले, "अकरा तास!" अडवलेली जागा म्हणजे तिकीट नव्हे, हे रोज गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगणारी मी. सख्ख्या भावाला एका शब्दाने विचारलं नाही.

बाबांनी पलंगाची कड जी धरली ती सोडली नाही. "किती राहिले?" सात. "आता?" चार. नर्स रागावली, "आजोबा, कशाला हा हट्ट?"

"झोपलेला बाप बघायला का तो एवढ्या लांबून येतोय?"

पाच वाजले. दादाचा पत्ता नाही. मी कॉम्प्युटर उघडला. अडवलेली जागा कधीच सुटली होती. साहेब दुसऱ्याच कंपनीच्या विमानाने निघाले होते, मध्ये तेरा तासांचा मुक्काम. एकूण सव्वीस तास!

फोन लावला तर आरामात कॉफी पीत होता. "अगं, माझं कार्ड या कंपनीचं आहे. एवढा एक प्रवास झाला की वर्षभर विमानात पुढच्या, महागड्या वर्गात बसायला मिळतं. अर्ध्या दिवसाने काय बिघडतंय?"

तोंडाला येईल ते बोलले. माझीच लाज वाटली, इतकं बोलले. मग डोळे पुसून खोलीत गेले.

"उतरला?" बाबांनी विचारलं.

"विमानाला उशीर झालाय बाबा. अजून पंधरा तास."

त्यांनी पलंगाची कड सोडली. जन्मात कधी 'दुखतंय' न म्हटलेला माणूस. "मग नाही गं जमायचं मला," म्हणाले. मी नर्सला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. बाबांचा श्वास तेवढा चालू होता. त्यांचा हात छातीशी धरून तो ढसाढसा रडला.

"बघ," मला म्हणाला, "थांबले ना माझ्यासाठी!"

"थांबले होते," मी म्हटलं. "काल. संध्याकाळी पाचपर्यंत."