एफीचं बारावं पुस्तक

एकोणऐंशीव्या वर्षी एफी मॅकिनिसला परीक्षेची धास्ती बसली, आणि तीही स्वतःच्याच भाषेची.

बेटावरच्या वाचनमंडळाने वर्षभराचा पण केला होता. दर महिन्याला एक स्कॉटिश पुस्तक वाचायचं आणि कार्डावर शिक्का घ्यायचा. एफीने अकरा पुस्तकांचा फडशा पाडला होता, पण ती सगळी इंग्रजी. डिसेंबरचं पुस्तक गेलिक, म्हणजे बेटाच्या जुन्या भाषेतलं, निघालं. मंडळ चालवणारी जिलियन कौतुकाने म्हणाली, "पहिलं पान एफी वाचून दाखवणार. तिची तर आईच्या दुधातली भाषा."

भाषा दुधातली होती, शाळा मात्र इंग्रजी होती. एफी गेलिकमध्ये भांडायची, मेंढ्यांना शिव्या द्यायची, माळ जपायची. पण छापलेली गेलिक तिला वाचता येत नव्हती. अक्षरं इंग्रजीचीच, त्यातली निम्मी मुकी आणि उरलेली भलतंच बोलणारी. आजवर हे कुणाला कळलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ग्लासगोत गेलिक शाळेत शिकणारी नात शेना तीन आठवडे फोनवरून तिच्याकडून ते पान पाठ करून घेत होती.

"आजी, दोन वाक्यं गाळलीस. त्यापेक्षा खरं सांगून टाक ना."

"इंग्लंडातल्या यॉर्कशरहून आलेली जिलियन सहा वर्षं शिकवणी लावून गेलिक वाचते, आणि मी सांगू की मला येत नाही? त्यापेक्षा धक्क्यावरून उडी मारीन."

"तुला पोहता तरी येतं का?"

"तेही नाही."

ठरल्या दुपारी हॉलमध्ये आठ माणसं होती. एफीच्या हातातला चहाबरोबरचा स्कोन तसाच राहिला. तिने पुस्तक उघडलं, नजर पानावर रोवली आणि सुरुवात केली. किनाऱ्यावर नवऱ्याची बोट शोधणाऱ्या बाईची गोष्ट होती. बोट दिसेपर्यंत सगळं सुरळीत गेलं, आणि मग डोकं साफ कोरं झालं.

थांबली असती तर मेली असती. म्हणून ती बोलत राहिली. आईने बाबांची वाट पाहिली होती, तेच सांगत सुटली. लोक तल्लीन होऊन ऐकत होते. जिलियन मात्र स्वतःच्या प्रतीवर बोट ठेवून ओळी वाचत होती, आणि ते बोट थांबलं.

एफीने ते पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही. जिलियनने वर पाहिलं नाही. क्षणभराने तिचं बोट पुन्हा सरकू लागलं, कुणीच न वाचलेल्या ओळींवरून, आणि वेळेवर तिने पानही उलटलं.

टाळ्या पडल्या. जिलियन शिक्का घेऊन आली. सुटले, असं वाटायला हवं होतं. एफीला भयंकर लाज वाटली.

"थांब," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "अर्धं पाठ केलेलं होतं, अर्धं मनचं. मला गेलिक वाचता येत नाही."

कुणीतरी कप खाली ठेवला. एफी जिलियनकडे वळली.

"शिक्के अकराच राहू दे. बस इथे, पहिली ओळ दाखव."

जिलियनने बोट ठेवून पहिला शब्द वाचला, चांगलाच वेडावाकडा. एफीने तिला सुधारलं नाही. बोटाखालच्या अक्षरांकडे बघत तिने तो तसाच्या तसा म्हणून पाहिला.