पॅलेस्टाइनच्या दुआसाठी घुमलेला नगारा

मित्रांनो, मी एक जुना नगारा आहे. जावा बेटावर, देमाकजवळच्या एका खेड्यात, मशिदीच्या ओसरीत टांगलेला. इथले लोक मला बेडुग म्हणतात. अंग फणसाच्या खोडाचं, तोंड रेड्याच्या कातड्याचं, आणि आवाज तीन गावं ओलांडून जाणारा! आपणच आपली स्तुती करू नये, पण खरं ते खरं.

आमच्या मशिदीत कियाई, म्हणजे धर्मगुरू, सहलान धर्म शिकवायचे. १९३८ साली हजहून परतलेल्यांनी पॅलेस्टाइनच्या बातम्या आणल्या. तिथे इंग्रजांच्या राजवटीत घरं पाडली जात होती, माणसं तुरुंगात होती. कियाईंना घास गोड लागेना. त्यांनी सभा ठरवली, तसा डच सरकारच्या कचेरीतला कारकून दार्सोनो हजर!

"कियाई, सभा घेतलीत तर शिकवायचा परवाना जाईल. मला बोल लावू नका, मी हुकमाचा ताबेदार."

"बरं बाबा, सभा नाही. नमाज तर चालेल?"

"त्याला कोण अडवणार?"

"मग उद्या दुपारी ये."

आतून त्यांच्या पत्नी न्याई रुकयाह म्हणाल्या, "अहो, परवाना गेला तर साठ पोरांनी शिकायला जायचं कुठं?" कियाईंनी तेवढ्यात शेजारच्या गावांना निरोप धाडले.

संध्याकाळी शेजारगावचे विद्वान जमले. संकटकाळी नमाजात उभं राहून खास दुआ मागतात, ती मागायची का, यावर किताबं उघडून वाद रंगला.

"संकट आपल्या गावावर कुठं आलंय?" एकानं विचारलं.

"दाढ दुखली की झोप अख्ख्या अंगाची उडते ना?" कियाई म्हणाले. मग सगळ्यांनी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नमाजाला बोलावताना मी असा घुमलो की विचारू नका! ओसरीसुद्धा भरली. नमाजाच्या शेवटच्या रकातीत, म्हणजे आवर्तनात, कियाई वाकून उठले आणि हात पसरून तसेच उभे राहिले. पण दुपारच्या नमाजात ही दुआ एरवी कधीच नसते. सवयीनं अर्धी रांग थेट सजद्यात गेली, कपाळ जमिनीला टेकवून! मग ओशाळून एकेक जण उठला. कियाईंनी पॅलेस्टाइनचं नाव घेतलं. "आमीन!" लोक म्हणाले. दार्सोनोचे हात आधी खालीच होते. हळूहळू तेही वर आले, आणि त्याचा "आमीन" रडवेला निघाला. आनंदानं माझं कातडं थरथरलं.

नंतर तो ओसरीत आला. "कियाई, अहवालात काय लिहू?"

"पाहिलंस ते लिही."

"मग दुआ मागणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव घालावं लागेल."

त्यानं 'सभा झाली नाही' एवढंच लिहिलं. परवाना वाचला, आणि आठवड्याभरात शेजारच्या गावांतही तीच दुआ सुरू झाली.

आता भोंगा आला आहे. माझं कातडं फाटलं, कोळ्यांनी आत संसार थाटला. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, जमलं तर मला नवं कातडं चढवा. आणि दूरच्या कुणावर संकट आलं, तर त्यांच्यासाठी एवढ्याच जोरात मला वाजवा.