लाल टोक की निळं टोक?

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. मला दुतोंडी म्हणून हसू नका. कारखान्यानेच मला असं घडवलं आणि तेव्हापासून माझा गोंधळ काही संपलेला नाही.

माझे मालक छापखान्यात मजकूर तपासत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची रीत ठरलेली होती. नुसत्या चुका सुधारायच्या तर लाल टोक, ते मुद्रितशोधन. वाक्यं गाळायची, प्रसंग हलवायचे तर निळं; ते संपादन. लाल टोकाचं कौतुक व्हायचं, निळ्याच्या नावाने लेखक मंडळी बोटं मोडायची. दोन्ही मीच. मग मी शहाणी की दुष्ट?

एकदा एक बाई वडिलांच्या आठवणींची वही घेऊन आल्या. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आता त्यांना विसर पडू लागला होता.

"पुस्तक हातात घेतल्यावर ते आपलंच आहे हे त्यांना कळायला हवं," बाई म्हणाल्या. "त्याआधीच सगळं विसरले तर?"

"नुसतं तपासू की संपादन करू?"

"फरक काय असतो हो?"

"एकात सदऱ्याची तुटलेली बटणं लावायची. दुसऱ्यात सदरा उसवून पुन्हा बेतायचा."

बाई गोंधळल्या. "तुम्हीच बघा. लोकांनी बाबांना हसू नये, एवढंच."

मास्तरांनी मला बोटांत दोनदा फिरवलं. वहीत एकच प्रसंग तीन ठिकाणी होता. बंद पडलेलं गजराचं घड्याळ घेऊन एक मुलगी दुकानात येते. पुढे तीच त्यांची बायको होते. मास्तरांनी निळं टोक खाली केलं. वहीच्या प्रतीवर मी दोन प्रसंग खोडले. सफाईने खोडले, आणि मला त्याचा अभिमानही वाटला.

छपाईआधीची पानं वाचायला आजोबा लेकीचा हात धरून आले. ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. घड्याळाचा प्रसंग आला तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. मग ते शेवटपर्यंत पानं उलटत गेले आणि पुन्हा मागे आले.

"काय शोधताय, बाबा?"

"तुझी आई. ती अजून दोनदा यायची आहे."

बाईंनी तोंड फिरवलं. मास्तरांनी खणातून ती खोडलेली प्रत काढली आणि मला उलटं केलं. आमच्या धंद्यात खोडलेल्या ओळीखाली ठिपके दिले की 'आहे तसं राहू द्या' असा अर्थ होतो. लाल टोकाने मी ठिपके देत गेले. मला फार लाज वाटत होती.

आता मी बोटभर उरले आहे. एकच गोष्ट तीनदा छापली म्हणून पुस्तकाला नावं ठेवणारेही भेटले, आणि त्यांचंही मला पटतं. माझं कोणतं टोक बरोबर होतं, ते अजून सांगता येत नाही. मित्रांनो, एवढंच मागते: दुसऱ्याच्या लिखाणावर मला टेकवण्याआधी, ज्याने लिहिलं त्याला एकदा विचारा. आम्ही त्या दिवशी लेकीला विचारलं होतं. आजोबांना विचारायचं राहूनच गेलं.