तीन सारखे दिवे

दाजी म्हणजे एका युद्धनौकेवरचे मुख्य इलेक्ट्रिशियन. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, बारक्या, त्यांच्याच हाताखाली कामाला होता. बारक्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी दाजी लावायचा, म्हणून खलाशांपासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांचेच ते दाजी होऊन बसले. बारक्याही नुसता नावाचाच बारक्या. जहाजातल्या प्रत्येक दारातून त्याला वाकून जावं लागे, आणि तरी अधूनमधून कपाळावर टेंगूळ यायचंच.

जनरेटरच्या खोलीतल्या मोठ्या बोर्डावर तीन दिवे होते. जनरेटरमधून वीज तीन तारांनी निघते, आणि एकेका तारेचा एकेक दिवा. कुठे एखादी तार सोलवटून जहाजाच्या पोलादाला टेकली की तिचा दिवा मंद व्हायचा. गंमत अशी, की तेवढ्याने बंद काहीच पडत नाही. पंखे फिरतात, भट्ट्या तापतात, सगळं आलबेल. ऐन लढाईत जहाज अंधारात बुडू नये म्हणून केलेली ती सोय. पण अशा वेळी दुसऱ्या तारेला कुणाचा ओला हात लागला, तर विजेचा सगळा जोर त्या माणसाच्या अंगातून जातो. म्हणून दाजींनी बारक्याला पहिल्या दिवसापासून पढवलं होतं, तळातल्या पाण्यात पंप सोडायच्या आधी दिवे बघायचे. एक जरी मंद असला तरी पंपाला हात लावायचा नाही.

आणि याच दाजींनी काय करून ठेवलं बघा. वार्षिक तपासणीच्या आदल्या दिवशी मधला दिवा मंद झाला. दोष शोधायचा तर जहाजाचा एकेक भाग बंद करून बघावा लागतो. त्यात स्वयंपाकी कावतो, बिनतारी संदेशवाले अंगावर येतात. दाजींच्या जिवावर आलं. उद्या मोठे साहेब येणार आणि आपल्या बोर्डावर हा डाग! त्या दिव्यांपासून एक तार निघून स्क्रूने जहाजाच्या पोलादाला जोडलेली असते. तिच्यामुळेच दिव्यांना दोष कळतो. दाजींनी बोर्डाचं मागचं दार उघडून ती तार सोडवली. तिन्ही दिवे सारखे उजळले. दिव्यांना आता काहीच कळणार नव्हतं, पण दिसायला मात्र झकास दिसत होते.

साहेबांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. साहेबांची पाठ वळली की तार जोडून दोष शोधायचा, असं दाजींनी ठरवलं होतं. पण आज करू, उद्या करू म्हणता म्हणता ते राहून गेलं.

अशातच एका दुपारी तळात पाणी साचलं. दाजी जेवत होते. बारक्याने बोर्डापाशी जाऊन मान वर करून दिवे बघितले आणि पंप पाण्यात सोडला. केबल ओढताना तिच्या सोललेल्या जागेवर त्याचा हात पडला.

आरडाओरडा ऐकून दाजी उष्ट्या हाताने बोर्डाकडे धावले. आधी त्यांनी पंपाचा स्विच पाडला. इथवर ठीक होतं. पण मग खाली धावण्याऐवजी त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि ती तार जागेवर बसवली. मधला दिवा मंद झालेला बघून मगच ते शिडी उतरले. तोवर खलाशांनी बारक्याला पाण्याबाहेर ओढलं होतं.

बारक्या वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र डॉक्टरांना काढावी लागली.

"तुम्ही स्विच पाडलात म्हणून माझा भाऊ मला परत मिळाला," घरी बायको ताटात वाढताना म्हणाली. आता सांगावं, असं दाजींना वाटलं. त्यांनी पाणी पिऊन वेळ मारून नेली. स्वतःच्या ताटातलं ते अन्न त्यांना चोरून खाल्ल्यासारखं वाटत होतं.

चौकशी बोर्डासमोरच झाली. कॅप्टनच्या हुकमामुळे तोवर कुणी कशालाही हात लावला नव्हता. बारक्या हाताला पट्ट्या बांधून उभा होता. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने बोट वर केलं.

"मधला दिवा मंद आहे. त्या दिवशीही असाच असणार. न बघता पंप सोडलास ना?"

निष्काळजीपणा ठरला तर बारक्याची नोकरी जाणार होती. तशा हाताच्या माणसाला दुसरी कोण देणार, हे तिथे सगळ्यांनाच कळत होतं.

"साहेब, बघितले होते. तिन्ही सारखे होते." बारक्या अडखळला. त्याने दाजींकडे बघितलं, मग पुन्हा दिव्यांकडे. "निदान मला तसं आठवतंय. पण आमच्या दाजींच्या बोर्डावरचे दिवे खोटं दाखवायचे नाहीत. मीच घाईत बघितले नसतील. लिहा साहेब, चूक माझी. दाजींनी मला नीट शिकवलं होतं."

अधिकाऱ्याने पेन टेकवलं. दाजींनी नुसतं उभं राहायचं होतं, बाकी सगळं आपोआप होणार होतं. त्यांची नोकरी, त्यांचा मान, सगळं शाबूत राहिलं असतं. पण तो पोरगा आपल्यापायी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून देतोय, हे दाजींना बघवेना. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी बोर्डाचं मागचं दार उघडलं, स्क्रू फिरवला आणि तार बाजूला केली.

तिन्ही दिवे सारखे झाले.

"तू हे बघितलं होतंस, बारक्या," दाजी म्हणाले. "बरोबर बघितलं होतंस. साहेब, तार मी काढली होती. तपासणीसाठी."

बारक्या कितीतरी वेळ दिव्यांकडे बघत राहिला.

"मग परत कधी जोडलीत, दाजी?"

दाजींना खोटं बोलता आलं असतं. तेवढी एक फट अजून शिल्लक होती.

"तू खाली पाण्यात होतास तेव्हा."

जनरेटर चालू होता. बारक्या वळला आणि दारापाशी जाऊन सवयीने वाकला.

"ताईला तुम्ही सांगताय की मी सांगू?" त्याने विचारलं.

पुढे त्याने दाजी लावलं नाही.