सुईवरची घाण आणि पहिले मत

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका खोलीत चला. आत पाऊल टाकताच आपण कुठे आलो ते डोळ्यांआधी नाकाला कळते. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास, सरसाचा वास, काच पुसायच्या स्पिरिटचा वास. भिंतीला टेकवून ठेवलेल्या लांबच लांब लाकडी पट्ट्या, आणि टेबलावर तिरके काप घेणारी करवत. हे तसबिरींना चौकटी करून देणाऱ्याचे दुकान. आता मागच्या कोपऱ्यात पाहा, खिडकीखालच्या बुटक्या कपाटावर. प्लास्टिकचे झाकण असलेला एक चपटा खोका दिसतो ना? झाकणाला हात लावू नका, बोट चिकटेल.

तो मी. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. माझी हकिकत फारशी स्वच्छ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा कोणी पाहिला नसेल, म्हणून थोडे समजावतो. गाणी माझ्या पोटात नसतात. ती काळ्या तबकडीवरच्या बारीक खाचेत असतात. मी तबकडी फिरवतो, माझ्या हाताच्या टोकाची सुई त्या खाचेतून चालते, आणि खाचेत जे कोरलेले असेल ते बोलते. सुईचे टोक तुमच्या पापणीच्या केसाहून बारीक असते. खोटे बोलणे मला जमत नाही. पण तोंडात कोणी बोळा कोंबला, तर खरे बोलणेही जमत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईंनी माझी सुई बसवली. सुईवर फुंकर घालायला आलेल्या नव्या मुलीला त्या म्हणाल्या, "फुंकू नकोस गं. थुंकी उडते." माझ्या कानावर पडलेले माणसाचे पहिले वाक्य ते. मला ते फार आवडले होते.

चौकटवाल्याने मला घरी आणले तेव्हा त्याला मिशीही नीट फुटली नव्हती. सायकलच्या मागे चादरीत गुंडाळून आणले, आणि खड्डा आला की उतरून चालत आणले. त्याला एका रॉक बँडचे वेड होते. त्या बँडचे नाव तो कधी घेत नसे, ‘आपला बँड’ म्हणे. गावात आणखी तिघांना तेच वेड निघाले. एक भूमिती शिकवणारे मास्तर. एक हॉस्पिटलमधल्या सिस्टर. आणि एक डबल. प्रत्येक अल्बमच्या दोन प्रती घ्यायचा, एक ऐकायला आणि एक न फोडता ठेवायला, म्हणून त्याचे नाव डबल पडले. पाचवा त्यांना पुढे मिळाला, तो चौकटवाल्याचा मेहुणा; तो स्वतः ड्रम वाजवायचा. चौकटवाल्याच्या मुलीचा तो मामा. मुलगी लहानपणापासून एका जागी ठरत नसे, तेव्हा मामाने तिला भिंगरी म्हटले आणि सगळ्यांनी तेच उचलले.

ह्या मंडळींची एक रीत होती. नवा अल्बम आला की सगळ्यांनी इथे जमायचे आणि माझ्यावर तो पहिल्यांदा ऐकायचा. ऐकताना आणि नंतरही बोलायचे नाही. चौकटीतून उरलेल्या जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर प्रत्येकाने आपले पहिले मत लिहायचे. मग त्या चिठ्ठ्या काचेखाली ठेवून, मागून खिळे ठोकून, चौकट भिंतीवर लावायची. एकदा लिहिलेले मत बदलायचे नाही. आज त्या भिंतीवर अशा नऊ चौकटी आहेत. सातवीत डबलने लिहिले आहे, ‘हा अल्बम कोणी लक्षात ठेवणार नाही.’ पुढे त्याच अल्बममधले गाणे त्याने आपल्या लग्नात वाजवले. आल्या-गेल्याला मास्तर ती चिठ्ठी बोट लावून दाखवतात.

मामा तेव्हा एक काम करायचा, ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. तबकडी ठेवण्याआधी तो मऊ कुंचला घ्यायचा आणि माझी सुई पुसायचा. मागून पुढे, फक्त मागून पुढे, उलट कधीच नाही. बाकीचे "लाव ना लवकर" म्हणून ओरडत, तरी तो घाई करत नसे.

गेल्या वर्षी आपल्या बँडचा ड्रम वाजवणारा निवृत्त झाला. नव्या वादकासाठी शेकडो जणांनी वाजवून दाखवले, आणि निवड झाली मामाची. मित्रांनो, त्या दिवशी ह्या खोलीत मोठा जल्लोष झाला. पण त्या जल्लोषात एक बारीकसा खडा होता. आपल्याच स्टुलावर बसणारा माणूस तिकडे गेला, हे मास्तर, सिस्टर आणि डबल ह्या तिघांच्याही घशाखाली नीट उतरले नव्हते.

मामा गेला आणि माझे हाल सुरू झाले. वर्षभर कोणी मला वाजवले नाही. सगळे फोनवर ऐकत. माझ्या झाकणावर सरसाचा डबा आला. करवतीचा भुसा रोज उडे आणि फटीतून आत येई. पुठ्ठा चिकटवायला चौकटवाला फवाऱ्याचा डिंक वापरू लागला. त्याचे तुषार माझ्यावर बसत, त्यावर भुसा बसे, त्यावर पुन्हा डिंक. अंगभर असे चिकट काहीतरी घेऊन दिवसेंदिवस बसून राहणे म्हणजे काय, ते तुम्हाला कळावे असे मला वाटत नाही. स्वतःचीच शिसारी येते.

मग नवा अल्बम आला. मामाचा पहिला.

शनिवारी दुपारी मंडळी जमली. सरसाचा डबा खाली उतरवला गेला. झाकण उघडताना चर्र असा आवाज झाला, तो कोणाला खटकला नाही. सुईकडे तर कोणी पाहिलेच नाही. बँडने आधीच जाहीर केले होते की या वेळी आवाज थोडा खरबरीत ठेवला आहे. त्यामुळे माझ्या तोंडून जे फरफरत, घुसमटत बाहेर आले, ते मंडळींनी बँडच्या पदरात घातले. झांज वाजली की नुसते फस्स होई. ड्रम पोत्यात गुंडाळून बडवल्यासारखा. मी आतून ओरडत होतो की हा त्यांचा आवाज नाही. पण माझा आवाज म्हणजे सुईचा आवाज, आणि सुईचे तोंड बंद होते.

दोन्ही बाजू संपल्या. चिठ्ठ्या लिहून झाल्या आणि मास्तरांनी त्या वाचल्या.

डबलची होती, ‘ड्रम नाही, रिकामा डबा. झाकणासकट.’

सिस्टरची, ‘बारा तासांची ड्युटी करून आले. डोके उठले. पुन्हा ऐकणार नाही.’

मास्तरांची गोल, सुबक अक्षरात, ‘तेवीस वर्षांच्या प्रेमाची घाण केली. नव्या वादकाला लय कशाशी खातात ते ठाऊक नाही. किळस आली.’

चौकटवाल्याने नुसते लिहिले होते, ‘घरचा माणूस आहे, मी काही म्हणत नाही.’

"म्हणाला नाहीस तरी कळलं रे," सिस्टर म्हणाल्या.

"खरबरीत म्हणे," डबल म्हणाला. "खरबरीत वेगळं आणि गलिच्छ वेगळं."

"ह्याच स्टुलावर बसायचा. वाटायचं, पोराला कान आहे."

"कान होता हो मास्तर. हात नव्हते," डबल म्हणाला.

सगळे हसले. ते हसणे मला गाण्यापेक्षा घाणेरडे वाटले. कारण पट्ट्यांच्या ढिगाशेजारी भिंगरी बसली होती, आणि ती हसत नव्हती. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मामा येणार होता. त्याने फोनवर तिला सांगितले होते, "भिंगे, बाहेरचे लोक काय म्हणतात ते मी वाचतच नाही. पण आपली चौकट तयार ठेव. आल्या आल्या आधी तीच बघणार."

रविवारी सकाळी आठ वाजता भिंगरी एकटी माझ्यापाशी आली. तिने नवा अल्बम पुन्हा लावला. मग तिने तो काढला आणि बँडचा सगळ्यात पहिला अल्बम लावला, जुन्या वादकाचा. त्यातले एक गाणे मामाने तिला मांडीवर थाप देत शिकवले होते. त्याच्या मधोमध झांज छन्नकन वाजते, ते तिला पाठ होते.

झांज वाजली. फस्स.

"बाबा," तिने हाक मारली, "हा पण डबाच वाजवतोय."

"जुनी झाली असेल रेकॉर्ड," चौकटवाला पट्टी मोजता मोजता म्हणाला.

"कालची नवी आणि ही जुनी, दोन्ही एकाच दिवशी कशा बिघडल्या?"

चौकटवाल्याची पट्टी हातातच राहिली. भिंगरीने त्याचे भिंग घेतले आणि खाली वाकून माझ्या सुईकडे पाहिले.

"शी," ती म्हणाली. "बाबा, बघ तरी काय आहे हे."

मित्रांनो, मोहरीच्या दाण्याएवढा एक तपकिरी गोळा माझ्या सुईला लटकत होता. त्यात भुसा होता, वाळलेला डिंक होता, चौकटवाल्याचा एक पांढरा केस होता आणि कुठल्याशा किड्याचा पाय होता. काल मंडळींनी जे ऐकले, ते ह्या गोळ्यातून गाळून आले होते.

"हे पुसायचं कोण?" भिंगरीने विचारले.

चौकटवाल्याने पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुझा मामा."

त्याने कुंचल्याला थेंबभर स्पिरिट लावले. भिंगरीने कुंचला आपल्याकडे घेतला. मागून पुढे. मागून पुढे. तिसऱ्या वेळी गोळा सुटला आणि तिने तो पांढऱ्या पुठ्ठ्यावर अलगद झेलला. वर्षभराने मला श्वास घेतल्यासारखे वाटले.

सगळ्यांना फोन गेले. दहाच्या सुमारास मंडळी आली, पण मास्तर दारातच अडले.

"हे नियमात बसत नाही. पहिलं मत एकदाच असतं. दुसऱ्यांदा दिलं, तर त्याला पहिलं कुठल्या तोंडाने म्हणायचं?"

"पण काका, अल्बमवर तुम्ही मत दिलंच नाहीत," भिंगरी म्हणाली आणि तिने पुठ्ठा त्यांच्या चष्म्यासमोर धरला. "ह्याच्यावर दिलंत."

डबलने मान पुढे काढली. "अरे, ह्याला पाय आहे कोणाचातरी."

सिस्टरनी तोंडाला पदर लावला नाही की नाक मुरडले नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "जखमेची पट्टी वर्षभर बदलली नाही तर असंच होतं. ह्यात नवल काय? वाजवा."

मी वाजवले. खरबरीत होते, पण ते लाकडाच्या सालीसारखे खरबरीत, चिखलासारखे नव्हते. आणि त्याच्या खाली मामाचा ड्रम होता. तो पुढे पुढे करत नव्हता. घाईच्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसाचा हात धरून चालावे तसा बाकीच्यांना सांभाळत चालला होता. सिस्टरांचे बोट गुडघ्यावर ताल धरू लागले. डबलने दुसऱ्या गाण्यानंतर मान खाली घातली, ती वर केली नाही. झांज छन्नकन वाजली तेव्हा चौकटवाल्याने खिडकीकडे तोंड फिरवले.

शेवटी मास्तर म्हणाले, "तिसरं गाणं अजूनही टाकाऊ आहे."

"आहेच," भिंगरी म्हणाली. "मला पण नाही आवडलं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "पण लय कळते त्याला," ते म्हणाले. "कळते."

मित्रांनो, वाईटाला वाईट म्हणा, त्यासाठी मी तुमच्यावर कधी रागावणार नाही. तिसरे गाणे मलाही वाजवताना जड गेले. पण कोणाच्या श्रमांवर ‘किळस आली’ असे लिहिण्याआधी आपली सुई एकदा उजेडात धरून पाहत जा. आणि जे यंत्र तुमच्यासाठी बोलते, ते अडगळीत टाकून त्यावर डबे ठेवू नका. आम्हाला फार काही लागत नाही. एक मऊ कुंचला आणि दोन मिनिटांची सवड पुरते.

"आता ह्या चिठ्ठ्यांचं काय?" चौकटवाल्याने विचारले. त्या टेबलावर काचेशेजारी तशाच पडल्या होत्या. "फाडून टाकू?"

"माझी इकडे दे," डबल म्हणाला. "खाऊन टाकतो."

"नियम आहे," मास्तर म्हणाले, पण आवाज पडलेला होता. "लिहिलेलं बदलायचं नाही. आणि तो ते वाचणार."

तेवढ्यात दार उघडले. मामा आत आला, खांद्यावरची पिशवीही त्याने उतरवली नव्हती. "अरे, सगळे आधीच हजर? चौकट कुठाय?"

चौकटवाल्याचा हात चिठ्ठ्यांवर गेला. भिंगरीने तो हलकेच बाजूला केला. चारही चिठ्ठ्या तिने मामासमोर सरळ मांडल्या, एकही पालथी न ठेवता. मामाने वाचल्या. मास्तरांची दोनदा वाचली. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू उतरले आणि खोलीत कोणीच कोणाकडे पाहीना.

मग भिंगरीने सरसाचा एक थेंब पाचव्या चिठ्ठीवर टाकला, तो तपकिरी गोळा त्यावर चिकटवला आणि खाली लिहिले, ‘काल आम्ही हे ऐकलं.’ मामाने ती वाचली आणि माझ्या सुईकडे पाहिले. मग ती चिठ्ठी तिने बाकीच्या चारींच्या मधोमध ठेवली, सगळ्या काचेवर पालथ्या घातल्या, वर पाठीचा पुठ्ठा बसवला, आणि हातोडी मास्तरांच्या हातात दिली.