आण्णांची रांग

क्रांतीनं पेरूच्या बागेवरचे सगळे धोके ओळखले होते. फळमाशीसाठी सापळे टांगले, वटवाघळांसाठी जाळी लावली, वाकलेल्या फांद्यांना टेकू दिले. अर्धा एकर ऊस काढून तिनं हट्टानं ही बाग लावली होती. पहिलं पीक हातचं गेलं तर तिथं पुन्हा ऊस, असं घरात ठरलेलं. पण सगळ्यात मोठ्या धोक्यावर दुकानात औषध मिळत नव्हतं. तो धोका म्हणजे तिचे सासरे, आण्णा.

बाग जोतिबाच्या रस्त्याला लागून. पहिली फळं पिकू लागली आणि रविवारी डोंगर उतरणारा माणूस दिसला, की आण्णांची हाक गेलीच. "या की पावणं! पेरू खाऊन जावा!" हातात दोन, पिशवीत चार. अडवायला जावं तर म्हणायचे, "देवाच्या वाटंवरचं माणूस रिकामं लावून देऊ व्हय?" साक्षात कर्णाचा अवतार!

क्रांती चिडली, एकदा रडलीसुद्धा. मग तिला युक्ती सुचली. "आण्णा, रस्त्याकडंची रांग आजपासनं तुमची. वाटा, न्हायतर विका. बाकीच्या झाडांना हात लावायचा न्हाय."

मालकी अंगात भिनायला वेळ लागत नाही. आण्णा फळ न् फळ चाचपू लागले, पाखरांवर खेकसू लागले. बाग तरली. व्यापारी माल पसंत करून गेला, तोडणी उद्यावर आली. क्रांतीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

त्याच दिवशी दर रविवारची एक म्हातारी डोंगरावरून आली. कपाळभर गुलाल, पाय अनवाणी. सवयीनं ती बागेपाशी थांबली. "आण्णा, आज पेरू न्हाईत व्हय?"

आण्णा आपल्या रांगेपुढं आडवे उभे राहिले. "अजून पिकलं न्हाईत, मावशी. फुडच्या येळंला बघू."

पिवळेधमक पेरू त्यांच्या डोक्याला लागत होते. म्हातारी चालू लागली. क्रांतीच्या सासूबाई आक्कांनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्सं संसार केला, पर आपल्या दारातनं मोकळ्या हातानं गेलेलं माणूस आज बघितलं!"

क्रांतीला हसू फुटलं आणि लगेच विरलं. हेच तर हवं होतं तिला. पण असलं नको होतं, छे! ती आपल्या झाडांत घुसली, ओढणीत मावतील तेवढे पेरू तोडले आणि रस्त्यानं पळत सुटली.

"ओ मावशी! पावणं, थांबा की!"

मागून आण्णांचा आवाज आला, "क्रांती, माझ्या रांगंतलं न्हाईत न्हवं त्यात?"