शिंपीणबाईंची शेकाची पिशवी

मित्रांनो, लाल रबराची, गळ्याशी बूच असलेली शेकाची पिशवी तुम्ही पाहिली असेल. तीच मी. आता रबर चिरलंय, रंग विटलाय. नवी होते तेव्हा मात्र अशी तुकतुकीत होते, की दुकानदार मला काचेच्या कपाटात सगळ्यांत पुढे ठेवायचा.

तिथून मी शिंपीणबाईंकडे आले. मशीनवर वाकून त्यांची पाठ धरायची, सासूबाईंचे गुडघे धरायचे. दोघी माझ्यावरून भांडायच्या आणि मला उगाच भाव चढायचा.

एकदा सोनोग्राफीत बाईंच्या मूत्रपिंडावर पाण्याची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "साधी आहे, घाबरू नका. पण सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. ताप आला, लघवीतून रक्त गेलं, कुशीत जोरात दुखलं, तर लगेच या." बाईंनी ‘घाबरू नका’ तेवढं लक्षात ठेवलं. डॉक्टरांच्या कागदामागे त्यांनी गिऱ्हाइकाची मापं लिहिली आणि तो कागद शिवलेल्या कोटाबरोबर गेलासुद्धा. वर्ष उलटलं.

मग एका सकाळी त्यांनी मला डाव्या कुशीला बांधलं. लघवी लालसर झाली होती. "परवा बीट खाल्लं ना, त्याचंच," असं स्वतःशी पुटपुटत त्या मशीनवर बसल्या. तास गेला, दोन गेले, चार गेले. माझं पाणी एव्हाना निवायला हवं होतं, पण निवेना. बाईंचं अंगच मला तापवत होतं! माझी तर पाचावर धारण बसली. ओरडावं तर तोंडाला बूच. सर्वांत वाईट म्हणजे, माझ्या उबेने त्यांना बरं वाटत होतं. मीच त्यांना घरी बसवून ठेवत होते.

दुपारी सासूबाई आल्या. "दे आता ती पिशवी, माझा गुडघा बोंबलतोय." मला हातात घेतलं आणि थबकल्या. "अगं, सकाळी भरलीस ना ही? अजून गरम कशी?"

"राहते हो, आई."

"राहते, डोंबल तुझं!" त्यांनी सुनेच्या कपाळाला हात लावला. "बाई गं, नुसती भट्टी झालीय! ऊठ. मशीन राहू दे. ऊठ म्हणते ना!"

गाठीत पू झाला होता. दवाखान्यात तो सुईने काढला, आठ दिवस सलाइन लागलं. "उद्यावर ढकललं असतं तर अवघड होतं," असं डॉक्टर म्हणाले, हे सासूबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी भिंतीवरच लिहिलीय. ती खोडायची कुणाची छाती नाही.

मी खुंटीवर असते. कुणी मला उतरवलं की आजही आधी त्याचं अंग तापलंय का, ते चाचपते. मित्रांनो, शेक जरूर घ्या. पण घरात कुणी सारखं मला मागत असेल, तर त्याच्या कपाळाला हात लावून पाहा. तपासणी चुकली का, विचारा. उत्तर टाळलं तर हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. मी दुखणं नुसतं झाकते. बरं करत नाही.